एआय कॅमेरे घेण्याआधी नेटवर्क स्विच तपासा
कारखान्यात एआय कॅमेरे बसवायचे असतील, तर कोटेशनवर सही करण्याआधी एक हिशेब मांडा. एका कॅमेऱ्याला ४ एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद, म्हणजे डेटा जाण्याचा वेग) धरले, तर १६ कॅमेऱ्यांचे झाले ६४. व्हिडिओ क्लाउडवर जाणार असेल तर डाउनलोड नव्हे, अपलोडचा वेग मोजा. तोही दुपारी, सगळे कामावर असताना. जुन्या नेटवर्क स्विचवर, म्हणजे कॅमेरे आणि कॉम्प्युटरच्या केबल जिथे जोडतात त्या डब्यावर, '१०/१००' छापलेलं दिसलं, तर बिलिंग आणि कॅमेरे त्याच १०० एमबीपीएसमध्ये ओढाताण करणार. तो स्विच आधी बदला. केबल कॅट ५ई असेल तर मात्र उगाच उखडू नका, १०० मीटरपर्यंत ती १ जीबीपीएस, म्हणजे १,००० एमबीपीएस, आरामात नेते. विक्रेत्याला आधी दोनच कॅमेरे महिनाभर चालवून दाखवायला सांगा. त्याशिवाय मी तरी पैशांचं बोलणं करत नाही.