रीफ टँकचा फ्लो लावताना या चुका टाळा

रीफ टँकमधलं, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टँकमधलं, कोरल (प्रवाळ) उघडत नाहीये म्हटलं की आपण आधी टँकवरच्या लाइटला दोष देतो, मग टेस्ट किट काढतो, मग कुठलीतरी महागडी बाटली आणतो, आणि वेव्हमेकरकडे, म्हणजे टँकमधलं पाणी फिरवणाऱ्या पंपाकडे, कोणी ढुंकूनही बघत नाही. फिरतोय ना, मग झालं. अहो फिरतोय, पण पाणी जातंय कुठे ते बघा की.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे बॉक्सवरचा आकडा बघून पंप घेणं. ३ फूट लांब, दीड रुंद, दीड उंच टँक म्हणजे साधारण १९० लिटर, त्यातून दगड-वाळू वजा करून १५० धरा. सॉफ्ट कोरलला (मऊ, दगडी सांगाडा नसलेलं) तासाला टँकमधल्या पाण्याच्या १० ते २० पट फ्लो, म्हणजे प्रवाह, पुरतो, एलपीएसला (मोठ्या पॉलिपची दगडी कोरलं) २० ते ३०, एसपीएसला (छोट्या पॉलिपची दगडी कोरलं) ४० पट आणि त्याच्या वर. म्हणजे झोआ आणि लेदरसारखे नुसते सॉफ्ट कोरल ठेवणार असाल तर तासाला ३००० लिटरचं काम आहे, पण दुकानात "भाऊ मोठाच न्या, स्पीड कमी करता येतो" असं ऐकून लोक ८००० चा घेऊन येतात आणि मग मशरूम कोरल दगडावरून सुटून टँकभर फिरत बसतो. आणि रिटर्न पंप, म्हणजे सम्पमधलं (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीतलं) पाणी परत वर पाठवणारा पंप, या हिशोबात धरू नका. सम्पमधून ४ फूट वर चढवताना त्याचं बरंचसं पाणी कमी होतं, खरा आकडा हवा असेल तर नोझलखाली बादली धरा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. सम्पमधून ३ ते ५ पट गेलं तरी बास.

दुसरी भानगड दिशेची. वेव्हमेकर थेट कोरलवर मारायचा नाही, कधीच नाही. हॅमर किंवा टॉर्च या एलपीएस कोरलचे टेंटॅकल (लांब मऊ बोटं) एकाच बाजूला चपटे झोपलेले दिसले की समजा जोर जास्त होतोय, असंच चालू राहिलं तर कडेचं मांस सोलून खालचा पांढरा सांगाडा दिसायला लागतो. ते डुलले पाहिजेत, थोडं इकडे, थोडं तिकडे, मध्येच थांबून. त्यासाठी पंपाचं तोंड समोरच्या काचेकडे आणि जरासं वर करा, पाणी काचेवर आपटून विखुरतं आणि मग कोरलपर्यंत येतं. दोन छोटे पंप आलटून पालटून चालवले तर एका मोठ्यापेक्षा केव्हाही चांगलं, माझं तरी हेच मत आहे.

आता डेड स्पॉट, म्हणजे जिथे पाणी हलतच नाही अशी जागा. हा प्रकार डोळ्याला दिसत नाही म्हणून राहून जातो. फ्रोझन मायसिस (बारीक कोळंबीसारखं गोठवलेलं खाणं) टँकच्याच पाण्यात वितळवा, ते पाणी वेव्हमेकरसमोर ओता आणि खुर्ची घेऊन बसा. कण कुठून कुठे जातात, कुठे गोल गोल फिरतात, कुठे खाली बसतात ते सगळं दिसतं. बहुतेक वेळा दगडाच्या मागे, जिथे दगड मागच्या काचेला टेकवलेला असतो तिथेच घाण साचते आणि काही दिवसांनी तो लाल बुळबुळीत थर येतो. लोक त्यावर औषध शोधतात. आधी दगड चार बोटं पुढे ओढा, नवीन पंप घ्यायचं नंतर बघू.

लेदर कोरल मात्र अधूनमधून बंद होतो, अंगावर मेणासारखी चकचकीत पापुद्री येते, घाबरू नका, तो कात टाकतोय. तेव्हा त्याला जरा फ्लो मिळाला की ती पापुद्री निघून जाते, फ्लो नसेल तर तिच्यावर घाण बसते आणि खालचा भाग सडू शकतो.

(जाता जाता, आपल्या समुद्रातली दगडी कोरलं वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. कागदपत्रं नसलेला माल स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.)

पंप फार खाली लावला तर वाळू उडून तळाची काच उघडी पडते, फार वर लावला तर भोवरा होऊन हवा ओढतो, घर्र आवाज येतो आणि टँकभर बारीक बुडबुडे. पण वरचं पाणी हललं पाहिजे हे नक्की, कारण ऑक्सिजन तिथूनच येतो आणि एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा ४० ला टेकतो तेव्हा गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी राहतो.

आणि लाइट जाणं. गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाते ते वेगळं सांगायला नको. रिटर्नचं नोझल खोल बुडालेलं असेल तर पंप बंद पडल्यावर पाणी उलटं सम्पमध्ये उतरतं, सम्प भरतो आणि हॉलमध्ये पाणी. पाण्याच्या पातळीच्या जरा खाली पाइपला एक बारीक भोक पाडा, ते महिन्यातून एकदा टूथपिकने मोकळं करा, चेक व्हॉल्व्हच्या (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) भरवशावर राहू नका, त्यात गोगलगाय अडकली की संपलं. मग स्वतःच मेन स्विच बंद करून सम्प किती भरतो ते बघा, आपण घरी असताना. बॅटरी बॅकअपला निदान एक डीसी वेव्हमेकर जोडा, रिटर्न बंद राहिला तरी चालेल.

फ्लो हळूहळू कमी झाल्यासारखा वाटत असेल तर पंप उघडा, आत चुना बसलेला असतो. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून तासभर बुडवा, इम्पेलर (आतलं फिरणारं पातं) काढून ब्रशने घासा, नीट धुवा. फक्त लक्षात ठेवा, साफ केलेला पंप परत नव्यासारखा जोरात मारतो, त्यामुळे लावताना स्पीड दोन पायऱ्या खाली ठेवा आणि आठवडाभरात वाढवत न्या.