बेलम गुहा पाहायला जाताना

महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टच्या कातळाचा असल्यामुळे, चुनखडकात पाण्याने कोरलेली मोठी गुहा पाहायची तर आपल्याला राज्याबाहेर जावे लागते. त्यासाठी आंध्र प्रदेशातील नंद्याल जिल्ह्यातली बेलम गुहा मी आवर्जून सुचवेन. मुंबई–चेन्नई लोहमार्गावरील ताडपत्री स्थानकावर उतरावे. तिथून गुहा साधारण ३० किलोमीटरवर आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा.

निघण्यापूर्वी गुहा कशी घडली हे मुलांना अवश्य सांगावे. आपल्या स्वयंपाकघरातला कडप्प्याचा ओटा म्हणजे याच भागातला काळा चुनखडक. त्यावर लिंबाची फोड थोडा वेळ राहिली, तर कितीही पुसले तरी न जाणारा फिकट डाग उरतो. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून सौम्य आम्लधर्मी होते, खडकाच्या भेगांत उतरते आणि हाच परिणाम हजारो वर्षे करत राहते. त्यातूनच ३,२२९ मीटर लांबीचे हे भुयारांचे जाळे तयार झाले आहे. ब्रिटिश भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८८४ मध्ये या गुहेची नोंद केली आणि १९८०च्या दशकात जर्मन संशोधकांनी तिचे सविस्तर सर्वेक्षण केले. पर्यटकांना त्यापैकी सुमारे दीड किलोमीटर भाग पाहता येतो.

गुहा सपाट शेतजमिनीखाली आहे, त्यामुळे विहिरीसारख्या खड्ड्यातून पायऱ्यांनी खाली उतरावे लागते. आत थंडावा असेल ही अपेक्षा ठेवू नये. वाऱ्याची सोय केलेली असली तरी हवा दमट असते आणि थोड्याच वेळात घाम फुटतो. म्हणून सुती कपडे, चांगली पकड असलेले बूट आणि छोटी विजेरी एवढेच जवळ ठेवावे. काही ठिकाणी वाट इतकी अरुंद आणि छत इतके बुटके आहे की पाठीवरची पिशवी अडते. दमा, गुडघेदुखी किंवा बंद जागेची भीती असलेल्यांनी पहिल्या प्रशस्त दालनातूनच परतायला संकोच करू नये. मार्गदर्शक मात्र जरूर घ्यावा, कारण फाटे बरेच आहेत.

सर्वांत सावकाश पाहावे ते ‘कोटिलिंगालु’ दालन. भूगोलाच्या पुस्तकात चित्रात पाहिलेले, छतातून झिरपणाऱ्या पाण्यातला चुना साचत जाऊन बनणारे लवणस्तंभ इथे छतापासून शिवलिंगांसारखे दाटीने उतरलेले दिसतात. ते वर्षाला जेमतेम मिलिमीटरच्या अंशाने वाढतात. हाताचा तेलकटपणा लागला की पाण्याचा थर तिथे नीट बसत नाही आणि वाढ खुंटते. म्हणून एकालाही स्पर्श करू नये, मुलांचा हात धरूनच चालावे. ‘सप्तस्वर’ दालनात दगडांवर ठोकून नाद ऐकवण्याची प्रथा आहे, पण कोणी आग्रह केला तरी नम्रपणे नकार द्यावा. पाताळगंगा हा सर्वांत खोल भाग. तिथे बारीक झरा खडकात उतरून दिसेनासा होतो.

वर आल्यावर भरपूर पाणी प्यावे आणि थोडा वेळ सावलीत बसावे. सकाळी लवकर गुहा पाहून झाली, तर पेन्ना नदीच्या घळीवरचा गंडिकोटा किल्ला त्याच दिवशी करता येतो.