पंचायतीच्या बजेटात पगारवाढ आणि ओव्हरटाइम धरताना या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यात खानापूरकडच्या एका ग्रामपंचायतीत मी पाच वर्षं मेंबर होतो. बजेटची मीटिंग म्हणजे अर्धा तास, चहा आणि सह्या, एवढंच असायचं. कागद कन्नडात, आमच्यातल्या निम्म्या मेंबरांना कन्नड बोलायला येतं पण वाचायला येत नाही, आणि "येत नाही" म्हणायची लाज वाटते म्हणून सगळे मान हलवतात. मीपण पहिली दोन वर्षं तेच केलं.

मग आमच्या गावात लक्ष्मीची यात्रा आली. कित्येक वर्षांनी येते, त्यामुळं घराघरात पाहुणे. नऊ दिवस टाकी दिवसातनं तीन-चारदा भरायची, वरच्या गल्लीला पाणी चढत नाही म्हणून व्हॉल्व्ह हातानं फिरवायचे, रात्री दोनला लाईट आली की उठून मोटर चालू करायची. हे सगळं आमच्या वॉटरमन काकांनी एकट्यानं केलं. यात्रा संपल्यावर आठवड्यानं ते माझ्या घरी आले, खिशातनं कालनिर्णयचं पान काढलं, प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेन्सिलनं जादा तास लिहिलेले, जसे आपण दुधाचे लिटर लिहितो तसे. "मेंबर, 61 तास झालेत बघा, लिवून ठेवलंय," एवढंच म्हणाले. मी पंचायतीत जाऊन बजेट उघडलं तर ओव्हरटाइमच्या नावानं एक रुपया नव्हता. शेवटी यात्रा कमिटीनं खुशी म्हणून 2,000 दिले आणि विषय मिटवला. त्यांच्या पगारानं तासाला 75 रुपये पडत होते, दुप्पट दर 150, म्हणजे 61 तासांचे 9,150 होतात. हा फरक मला आजपण टोचतो, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक हीच, की ओव्हरटाइम म्हणजे अचानक येणारा खर्च असं आपण धरून चालतो. अचानक काय आहे त्यात? यात्रा कधी हे गावाला वर्षभर आधी माहीत असतं. एप्रिल-मेमध्ये बोअर आटतात आणि टँकर लागतो हे दरवर्षीचं. जूनपासून जांबोटी-कणकुंबीकडं असा पाऊस लागतो की गटारी, झाडं, फुटलेले पाइप याच्यातनं कामगारांना सुट्टी नाही. बेळगाव शहरात बघा, गणपती विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, शिवजयंतीचे चित्ररथ रात्रभर, आणि डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन भरलं की त्या भागातल्या सफाईवाल्यांची धावपळ वेगळीच. बजेटला बसताना वर्षाचं कॅलेंडर समोर ठेवा, ज्या महिन्यात जादा काम पडतं तिथं खूण करा, आणि गेल्या वर्षी किती माणसं किती तास थांबली ते वॉटरमनलाच विचारा, त्याला पीडीओपेक्षा (पंचायत विकास अधिकाऱ्यापेक्षा) जास्त माहीत असतं.

हिशेब अवघड नाही. महिन्याचा पगार भागिले 26, तो आला एका दिवसाचा, त्याला भागिले 8, तो तासाचा, आणि त्याची दुप्पट. 15,600 पगार धरला तर दिवस 600, तास 75, ओव्हरटाइमचा तास 150. चार माणसं नऊ दिवस रोज चार तास जादा थांबली तर 144 तास, म्हणजे 21,600 रुपये. पुष्कळ ठिकाणी हे साध्या दरानं धरतात आणि 10,800 लिहून मोकळे होतात, मग अर्धे पैसे कमी पडतात आणि ते माणसाच्या खिशातनंच जातात. दुप्पट दर हा काही मेहेरबानीचा भाग नाही. 1948 च्या किमान वेतन कायद्याच्या वेळेपासून तसंच आहे, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेतपण दुप्पटच.

आता पगारवाढीकडं येऊ, इथं गोंधळ जास्त.

1 ऑगस्ट 2024 पासून कर्नाटक सरकारनं सातवा वेतन आयोग लागू केला, 27.5 टक्के फिटमेंट म्हणजे पगारातली वाढ, कमीत कमी मूळ पगार 17,000 वरनं 27,000. पेपरात आलं आणि आमच्या गावात सगळ्यांनी धरलं की पंचायतीच्या पोरांचापण पगार वाढला. तसं नसतं गा! पीडीओ, कार्यदर्शी (सेक्रेटरी) हे सरकारी नोकर, त्यांना वेतन आयोग आणि वर्षातनं दोनदा महागाई भत्ता, आणि तो सरकार देतं. वॉटरमन, बिल कलेक्टर, शिपाई, सफाई कामगार यांचा पगार किमान वेतनाच्या आदेशानं हलतो आणि त्यांचा बदलता महागाई भत्ता दरवर्षी 1 एप्रिलला वाढतो. आपण बजेट मंजूर करतो मार्चमध्ये, जुन्या पगाराला गुणिले 12 करून, आणि पंधरा दिवसांत तो आकडा शिळा होतो. नवा दर एप्रिलपासून द्यायचा असतो, आदेश उशिरा हातात आला तर फरकाची रक्कम साठत जाते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात एकदम बोजा येतो. हा भत्ता गेल्या जानेवारी ते डिसेंबरच्या महागाई निर्देशांकावर निघतो, म्हणजे फेब्रुवारीत बसता तेव्हा अंदाज घ्यायला माहिती आलेली असते. गेल्या दोन-तीन एप्रिलमध्ये किती वाढ झाली ते जुन्या पगारपत्रकावरनं काढा आणि तेवढी तरी आधीच धरून ठेवा.

पगार वाढला की त्याच्यामागनं बाकीचंपण वाढतं, हे विसरतात. ज्यांचा पीएफ आहे त्यांच्यासाठी मालकाचा हिस्सा 12 टक्के आणि वरचे चार्जेस धरून 13 टक्के होतो, 15,000 च्या मर्यादेपर्यंत. ओव्हरटाइमवर पीएफ लागत नाही, आणि जिथं ईएसआय (कामगार विमा) लागू आहे तिथं मालकाचा 3.25 टक्के हिस्सा भरावा लागतो, शहरात एजन्सीकडनं घेतलेल्या कामगारांच्या बिलात हे नीट तपासा.

पैसे कुठनं आणायचे, तर इथं दोन वेगवेगळ्या चुका होतात. एक म्हणजे वित्त आयोगाच्या निधीवर डोळा. 15 व्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 च्या पैशातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधील होता, राहिलेला मोकळा, आणि मोकळा म्हटल्यावर कोणतरी मेंबर म्हणतोच की यातनं पगार भागवू. पगार आणि आस्थापनेचा खर्च त्यातनं चालत नाही, ऑडिटला आक्षेप येतो. दुसरी चूक जास्त वाईट, कारण ती दिसत नाही. वाढलेला पगार बसवायला घरफाळा आणि पाणीपट्टीची वसुली शंभर टक्के लिहितात. कागदावर बजेट जुळतं, पण वसुली होते तेवढीच होते, आणि डिसेंबरला पगार थांबतो. मागणी किती हे बघू नका, गेल्या तीन वर्षांत हातात खरंच किती आले ते बघा आणि तेवढ्यावरच पगाराचा खर्च बसवा. ज्यांच्या नेमणुकीला जिल्हा पंचायतीची मंजुरी नाही त्यांचा पगार तर याच वसुलीतनं जातो, आणि वसुली कमी पडली की पहिली कात्री त्यांच्यावरच चालते, म्हणून त्यांची नावं आणि रक्कम वेगळी लिहायला लावा.

रिकाम्या जागेचंपण सांगतो. आमच्याकडं दुसऱ्या वॉटरमनची जागा दीड वर्ष रिकामी होती. त्याचा पगार "शिल्लक" म्हणून दाखवून गटारीच्या कामाला वळवला, मीच ठरावावर सही केली, आणि त्या जागेचं काम काका ओव्हरटाइम करून ओढत होते. तेव्हा डोक्यात आलंच नाही. जागा रिकामी असेल तर तिथल्या पैशातला भाग आधी ओव्हरटाइमला ठेवायचा, मग उरलं तर बाकीचं.

कन्नडची भीती सोडा. "आयव्यय" म्हणजे बजेट, "अंदाजु" आपलाच अंदाज, "तुट्टीभत्ये" म्हणजे महागाई भत्ता, आणि "सिब्बंदी वेतन" म्हणजे कर्मचाऱ्यांचा पगार, आपली जुनी शिबंदी तीच ही. एवढे चार शब्द ओळखता आले तर बजेटचं महत्त्वाचं पान सापडतं. बाकी वाचायला पोरांपैकी कुणालातरी सोबत घेऊन बसा, हायस्कूलची पोरं फटाफट वाचतात. आणि कागद मीटिंगच्या आठ दिवस आधी मागा, समोर आल्यावर वाचायला वेळ मिळत नाही.

बजेट आधीच मंजूर झालं असेल आणि ओव्हरटाइमचा रकाना कोरा असेल तर गप्प बसू नका. मासिक मीटिंगमध्ये विषय लेखी द्या, कुठल्या रकान्यात पैसे पडून आहेत ते बघून तिकडनं वळवायचा ठराव मागा, आणि ठरावात माणसाचं नाव, तारखा, तास आणि दर चारही येऊ देत, नाहीतर बिल अडकतं. कालनिर्णयच्या पानावरचे तास कोण मानत नाही. म्हणून टाकीजवळच्या खोलीत एक वही ठेवा, काम सुरू केलेली वेळ, संपलेली वेळ, काय काम, आणि वॉर्डच्या मेंबरची सही, तीसुद्धा त्याच दिवशी. मी मेंबरकीच्या शेवटच्या दीड वर्षात तशी वही ठेवली होती, सही करायला रात्री अकराला पण गेलोय, आणि काकांचं पुढच्या उन्हाळ्याचं बिल पूर्ण निघालं, दुप्पट दरानं.