गम लावण्याआधी थांबा: मॉडेल रेल्वेचं शहर उभारताना या चुका टाळा

लेआउटवरची, म्हणजे रुळांसकट मांडलेल्या छोट्या शहरातली, इमारत बिघडते ती बहुतेक वेळा चिकटवण्याच्या घाईत. रंग चुकला तर पुन्हा देता येतो. पण चार भिंती आणि छप्पर एकदा पक्कं बसलं की आत बोट जात नाही, आणि मग साधी दुरुस्तीही तोडफोड होऊन बसते.

दार आधी मोजा

मॉडेल रेल्वेची दोन प्रमाणं: एचओ म्हणजे १:८७ (खऱ्याच्या ८७ पट लहान) आणि एन म्हणजे १:१६०. दोन मीटरचं दार एचओमध्ये २३ मिलिमीटर भरतं, एनमध्ये साडेबारा. अंदाजाने ३० मिलिमीटरचं दार कापलं तर एचओच्या हिशेबाने ते २.६ मीटरचं होतं. मग दारात उभी केलेली माणसं लहान मुलांसारखी दिसतात, आणि बाकीचं काम कितीही सुबक असलं तरी नजर तिथेच अडकते.

मात्र अख्खी इमारत मापाबरहुकूम करायचा हट्टही नको. ३.२ मीटरचा एक मजला एचओमध्ये जवळपास ३७ मिलिमीटर होतो, म्हणजे दहा मजल्यांची इमारत ३७ सेंटिमीटर. शेजारून जाणारी गाडी तिच्यापुढे खेळणं वाटेल. दारं, खिडक्या, पायऱ्या मापात ठेवा आणि त्यांची संख्या कमी करा. रांगेत बारा खिडक्या असतील तर सात पुरतात. मजले निम्मे केले तरी इमारत ओळखू येते.

कापायच्या आधी रद्दी पुठ्ठ्याचा डमी करून जागेवर ठेवा आणि सगळ्यात लांब डबा शेजारून फिरवा. वळणावर डब्याची टोकं बाहेरच्या बाजूला येतात आणि मधला भाग आत सरकतो, त्यामुळे सरळ रुळावर मोकळी वाटणारी इमारत वळणावर घासते. टोकाला आणि मधोमध पेन्सिलीचा तुकडा चिकटपट्टीने बांधून डबा हाताने ढकला. जमिनीवर उमटलेल्या दोन रेघा हीच तुमची हद्द.

भिंत वाकते ती एका बाजूच्या ओलाव्याने

पुठ्ठ्यावर विटांचा कागद पांढऱ्या गमने चिकटवला की कागद ओला होऊन पसरतो आणि वाळताना आकसून भिंतीला आपल्याकडे ओढतो. उपाय सोपा आहे. मागच्या बाजूलाही तसाच कागद लावा, म्हणजे ओढ दोन्हीकडे सारखी राहते, आणि रात्रभर सपाट वजनाखाली ठेवा. आतून आडव्या पट्ट्या द्या, विशेषतः मोठ्या खिडक्यांच्या वर-खाली. फोमबोर्ड (दोन कागदांमध्ये फोम असलेला बोर्ड) वापरत असाल तर स्प्रे रंगापासून जपा: त्यातलं द्रावक कापलेल्या कडेतून शिरून आतला फोम खाऊन टाकतं. कडांना आधी ब्रशने अ‍ॅक्रिलिक रंगाचा हात द्या.

काचेवरची पांढरी साय

ही चूक मी स्वतः केली आहे आणि तिचं अजून वाईट वाटतं. तीन मजली इमारतीच्या भिंती सुपरग्लूने जोडल्या, आतून पारदर्शक प्लॅस्टिकच्या काचा बसवल्या, छप्पर लावून टाकलं. सकाळी पाहिलं तर सगळ्या खिडक्यांवर पांढुरकी साय, आणि वरच्या मजल्यावरच्या एका काचेवर माझ्या अंगठ्याचा ठसा रेषान् रेषा उमटलेला. सुपरग्लूची वाफ गुळगुळीत पृष्ठभागावर बसते, आणि बोटाच्या खुणांवर तर आधी बसते. गुन्ह्याच्या तपासात ठसे उमटवायला हीच वाफ वापरतात. बंद इमारतीत तिला जायला जागा नव्हती आणि मला आत पोचायला वाट नव्हती.

तेव्हापासून काचा शेवटी, रंगकाम पूर्ण वाळल्यावर. त्याही पांढऱ्या गमनेच, टूथपिकच्या टोकावर थेंब घेऊन चौकटीच्या मागच्या कडेला, आणि काच चिमट्याने धरून. छप्पर कायमचं बसवतच नाही. भिंतींच्या आत चार कोपऱ्यांत ठोकळे देऊन त्यांवर ते नुसतं टेकवतो.

दिवा लावला आणि भिंतच उजळली

पातळ स्टायरीनमधून (भिंतींसाठी वापरतात ते प्लॅस्टिक) आणि पुठ्ठ्याच्या सांध्यांतून प्रकाश झिरपतो. अंधारात गाडी चालवून पाहिलं की अख्खी इमारत कंदिलासारखी दिसते. भिंती उभ्या करण्याआधी आतून काळा रंग द्या, त्यावर पांढरा, म्हणजे प्रकाश आत परावर्तित होतो आणि भिंतीतून बाहेर येत नाही. कोपऱ्यांवर आतून काळ्या कागदाची पट्टी लावा.

एलईडी फार तेजस्वी लागणं हीसुद्धा नेहमीची तक्रार. १२ व्होल्टवर पांढऱ्या एलईडीला ४७० ओहमचा रेझिस्टर (प्रवाह रोखणारा छोटा भाग) लावला तर सुमारे १९ मिलिअँपिअर प्रवाह जातो. घराच्या खिडकीला तो फार होतो. २.२ किलोओहमने तो ४ च्या आसपास येतो आणि उजेड खोलीतला वाटतो. रंग उबदार पांढरा घ्या. पुठ्ठ्याचे आडपडदे घालून खोल्या वेगळ्या करा आणि काही अंधाऱ्याच राहू द्या. वीज रुळांवरून न घेता वेगळ्या सप्लायवरून घ्या, नाहीतर गाडीच्या वेगाबरोबर दिवे कमी-जास्त होतील.

विटांच्या सांध्यांबद्दल एवढंच: खरा सांधा १० मिलिमीटरचा, म्हणजे एचओमध्ये जेमतेम ०.१. पांढऱ्या जाड रेघा ओढू नका. पातळ राखाडी रंग फासून लगेच फडक्याने पुसा, सांध्यात राहील तेवढा पुरे.

आणि जमिनीवर ठेवल्यावर पायाखाली फट दिसत असेल तर फूटपाथमध्ये इमारतीच्या आकाराची खाच कापून तिला दोन मिलिमीटर आत रुतवा. तिथेही गम नको. वायरला छोटा प्लग द्या आणि इमारत सुटीच राहू द्या. मागच्या रुळावर डबा घसरला की तीच उचलून बाजूला ठेवावी लागते.