ऑडॅसिटीत दुसरा ट्रॅक मागे पडत असेल तर (माझा अनुभव)

पेटी आधी रेकॉर्ड केली, ती हेडफोनवर ऐकत गायलं, तर गळा प्रत्येक समेला तेवढाच मागे. सांगलीत घरी, लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आणि यूएसबी माइक. माइक बदलला, ट्रॅक हाताने सरकवले. पुढच्या टेकला पुन्हा तेच. वैताग आला.

आवाज बाहेर जाऊन परत आत यायला वेळ लागतो. तो भरून काढायला ऑडॅसिटी -१३० मिलिसेकंद हा ठोकताळा धरते, प्रत्येक मशीनला तो लागू पडत नाही.

आधी ब्लूटूथ काढून वायरचा हेडफोन लावा, शक्यतो यूएसबी माइकवरच्याच हेडफोन जॅकमध्ये. एडिट, प्रेफरन्सेस, ऑडिओ सेटिंग्जमध्ये लेटन्सी कॉम्पेन्सेशन (हीच ती भरपाई) ० करा. जनरेटमधून ऱ्हिदम ट्रॅक (ठरावीक लयीतले टोले) घ्या. हेडफोनचा एक कप माइकला चिकटवून तो नव्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. झूम करून मूळ टोला आणि रेकॉर्ड झालेला टोला यांच्या सुरुवातीतलं अंतर सिलेक्ट करून मोजा. १८५ मिलिसेकंद आलं तर -१८५ भरा. (मिरजेचा तंबोरा कितीही गोड असला तरी मोजायला नको, त्याच्या सुराला टोकदार सुरुवात नसते.) पुन्हा रेकॉर्ड करून टोले एकाखाली एक येतात का बघा.

त्याच सेटिंग्जमधली बफर लेंथ, माइक किंवा हेडफोनचा जॅक बदलला की आकडा पुन्हा काढावा लागतो.