कॅन्सरच्या ट्रीटमेंटमध्ये पेशंटचं मन खचतं तेव्हा घरचे करतात त्या चुका, या टाळा

आमची अक्का खानापूरकडच्या एका खेड्यात दिलेली. तिला ब्रेस्ट कॅन्सर निघाला आणि दर 21 दिवसांनी केमोला बेळगावला आणायचं काम माझ्याकडं आलं. ताप 100.4 च्या वर गेला की थांबायचं नाही, लगेच फोन लावायचा हे घरात सगळ्यांना पाठ झालेलं, पण ती रात्र रात्र जागी बसते, कुणाशी धड बोलत नाही हे ओपीडीत आम्ही एकदापण सांगितलं नाही. सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून लिहायला बसलोय.

दुसऱ्या केमोच्या आधी तिचे केस गळायला लागले. एकदा उशी उचलली तर खाली तरुण भारतच्या पानात केसांचा गुंता नीट गुंडाळून ठेवलेला, टाकवत नव्हता तिला. मी म्हणालो, "अगं येतील की परत, त्यात काय एवढं, धीर सोडू नकोस." येतात हे खरं, ट्रीटमेंट संपल्यावर काही महिन्यांत येतात, पण त्यानंतर तिनं माझ्यापाशी केसांचा विषयच काढला नाही. धीर द्यायला गेलो आणि तिचं तोंडच बंद केलं मी. शेजारी बसून "लई वाईट वाटतंय का गं" एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं.

आणि आपल्या भागातली एक चूक, भाषेची. डॉक्टर कन्नडात विचारणार "निद्दी बरतैतेन?" (झोप लागते का?), अक्का मराठीत पाच मिनिटं सांगणार, आणि भाचा "हां, बरतैत्री" (हो, लागते) एवढंच सांगून मोकळा. त्याचं तरी काय चुकलं, आईचं रडगाणं कन्नडात कसं सांगायचं त्या पोराला? आणि मुलासमोर आई "जगणं नको झालंय" असं बोलणार तरी कशी! त्यामुळं मराठी येणारी नर्स किंवा सोशल वर्कर आहे का विचारा आणि पेशंटला त्यांच्याजवळ दहा मिनिटं एकटं बसू द्या, तुम्ही बाहेर थांबा.

"केमो चालू आहे, होणारच असं" म्हणून सोडून देऊ नका. थकवा, भूक जाणं, झोप उडणं केमोनंही होतं आणि डिप्रेशननंही, म्हणूनच ते ध्यानात येत नाही. दोन आठवडे झाले तरी मन उदास, नातवंडं आली तरी बरं वाटत नाही, आपण सगळ्यांना ओझं झालोय असं सारखं बोलणं चाललंय, तर डॉक्टरना सांगायचंच. उलटंपण असतं बरं का, केमोबरोबर डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड देतात, त्यानं झोप उडते, चिडचिड होते. आपल्याकडं तंबाखू खाणारे लई, तोंडाच्या-गळ्याच्या कॅन्सरमध्ये मानेला रेडिएशन दिलं की पुढं थायरॉइड कमी होऊ शकतो आणि माणूस सुस्त, उदास दिसतो. तपासणी केल्याशिवाय कळत नाही.

मेडिकलमधून परस्पर झोपेची गोळी आणू नका. टॅमॉक्सिफेन ही ब्रेस्ट कॅन्सरची गोळी चालू असेल तर फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन अशा काही डिप्रेशनच्या गोळ्यांनी त्याचा असर कमी होऊ शकतो, म्हणून मनाच्या डॉक्टरना कॅन्सरची फाइल दाखवायची.

भेटायला येणारे बिस्किटपुडा ठेवून "आमच्या पाव्हण्यात एकजण असाच गेला" सुरू करतात, त्यांना सरळ अडवा, वाईटपणा आला तरी चालेल.

मरायच्या गोष्टी निघाल्या तर विषय बदलू नका, स्पष्ट विचारा, "जीव द्यायचं मनात येतंय का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाली तर एकटं ठेवायचं नाही, गोळ्यांचा डबा आपल्या ताब्यात, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. बोलायला टेली मानस या मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा 14416 आहे, सरकारी, फुकट, 24 तास, मराठीत बोलता येतं आणि कन्नडातपण. घरच्यांनीपण लावावा, रात्रभर जागणाऱ्यांचंही मन थकतंच की.

शेवटची केमो झाली त्या दिवशी घरात शिरा केला, आणि अक्का त्याच रात्री सगळ्यात जास्त रडली. "आता माझ्याकडं कोण बघणार, परत आलं तर?" आम्ही समजलो होतो संपलं सगळं. आता फॉलोअप जवळ आला की मी आठ दिवस आधीच तिला फोन करतो, झोप लागते का ते पहिलं विचारतो, रिपोर्टचं मागनं.