हप्ते परत जाणं असं थांबवलं

घरभाडं, विम्याचा हप्ता, विजेचं बिल, सगळं एकाच खात्यातून जायचं, पण तारखा विखुरलेल्या. महिनाअखेरीस शिल्लक कमी पडली की हप्ता परत, वर दंड. शेवटी सगळी घडी नव्याने बसवली.

भाड्याची रक्कम ठरलेली, म्हणून बँकेला स्थायी सूचना दिली, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम आपोआप पाठवायला सांगितलं. यात पैसे आपण पाठवतो, त्यामुळे रक्कम आणि तारीख आपल्या हातात राहते. विजेचं बिल मात्र दर महिन्याला बदलतं. तिथे ऑटो डेबिट लावलं. यात पैसे कंपनी ओढते, आपण फक्त परवानगी देतो. म्हणूनच फॉर्ममधला ‘कमाल रक्कम’ हा रकाना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तिथे भलामोठा आकडा आधीच छापलेला होता. तो खोडून नेहमीच्या बिलाच्या जरा वरचा लिहिला.

मग सगळ्या तारखा पगारानंतरच्या आठवड्यात आणल्या. विम्याची तारीख साध्या अर्जावर बदलून मिळाली. तेव्हापासून एकही हप्ता परत गेलेला नाही.

आणि हो, एखादी सेवा बंद केलीत तर ऑटो डेबिटची परवानगी बँकेतही रद्द करा, आणि रद्द झाल्याचा मेसेज जपून ठेवा.